मनाची मूठ सैल करताना

घरात कुणी गेलं की सगळं निगुतीनं निभावणारा, पण स्वतः न रडणारा माणूस आपल्याला खंबीर वाटतो. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं: ‘मजेत.’ संयम हा गुणच. पण गरज नसतानाही तो सोडता येईनासा झाला, की माणूस एकटा पडतो.

अशा अतिनियंत्रित माणसांसाठी मानसशास्त्रज्ञ थॉमस लिंच यांनी ‘रॅडिकली ओपन डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ विकसित केली. तिचं पाठ्यपुस्तक २०१८ मध्ये आलं. चिवट नैराश्य, अ‍ॅनोरेक्सिया, टोकाचा काटेकोरपणा यांसाठी ती वापरतात. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची मूळ डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी (डीबीटी) उसळणाऱ्या भावना आवरायला शिकवते. इथे आवरलेलं मोकळं करायचं असतं.

उपचार साधारण ३० आठवडे चालतात. दर आठवड्याला थेरपिस्टबरोबर तासभर भेट आणि सुमारे अडीच तासांचा कौशल्यवर्ग.

सुरुवात शरीरापासून होते. धोका जाणवला की चेहरा निर्विकार होतो, आवाज सपाट होतो आणि समोरचा दुरावतो. म्हणून सराव असा: खुर्चीत मागे रेलायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, ओठ मिटून हसायचं, भुवया किंचित उंचावायच्या. त्यातून आपल्या मेंदूला निर्धास्तपणा कळतो आणि समोरच्याला आपुलकी.

मग आपण इतरांना नकळत देत असलेले संकेत तपासायचे. थेरपिस्ट विचारतात, “राग आल्यावर काय करता?”
“काहीच नाही.”
“मग घरच्यांना कळतं कसं?”
“दोन दिवस मी बोलत नाही.”

हा अबोलाच संकेत. तो रोज डायरीत नोंदवायचा आणि त्याऐवजी एका तरी माणसाला सांगून पाहायचं: ‘मला वाईट वाटलं.’

तिसरी सवय आत्मशोधाची. टीका झोंबली की लगेच स्वतःची बाजू मांडायची नाही, स्वतःला दोषही द्यायचा नाही. ‘यातून मला काय शिकायचं आहे?’ हा प्रश्न वहीत लिहायचा आणि काही मिनिटं त्याच्यासोबत बसायचं. उत्तराची घाई नाही.

ब्रिटनमध्ये चिवट नैराश्याच्या २५० रुग्णांवर या थेरपीची चाचणी झाली. सात महिन्यांनी फायदा दिसला; बारा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा ठोस फरक सिद्ध झाला नाही. हा हमखास उतारा नव्हे. तरी ‘मजेत’ म्हणणाऱ्याला एक दिवस ‘आज जड जातंय’ म्हणता आलं, तर ऐकणाऱ्याला त्याच्याजवळ बसायला जागा मिळते.