पोटातला गोळा आणि सोनोग्राफीचा कागद

कासूजवळच्या एका वाडीवर गेले असता एका कातकरी बहिणीने सोनोग्राफीचा कागद पुढे केला. “ताई, पोटात गोळा निघालाय. कॅन्सरच ना?” कागदावर अंडाशयात गाठ असल्याचे लिहिले होते. ती कसली, हे तिला कोणी समजावले नव्हते.

अंडाशयातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पाळी चालू असलेल्या वयात तिथे पाण्याच्या गाठी होतात. त्यातल्या बऱ्याच दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. पाळी गेल्यानंतरची गाठ मात्र अधिक काळजीने तपासावी लागते.

सोनोग्राफीत पाणी काळे दिसते, घट्ट भाग करडा-पांढरा. त्यावरून पारख करण्याचे सोपे नियम ‘आयोटा’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००८ साली मांडले.

साध्या गाठीची चिन्हे : एकच कप्पा, किंवा अनेक कप्पे असले तरी आतून गुळगुळीत आणि आकार १० सेंटिमीटरपेक्षा कमी, आत रक्तप्रवाह नसणे.

संशयाची चिन्हे : वेडीवाकडी घट्ट गाठ, आत चार किंवा अधिक कोंब, जोरदार रक्तप्रवाह, पोटात पाणी साचणे.

फक्त पहिली चिन्हे दिसली तर गाठ बहुधा साधी, फक्त दुसरी दिसली तर संशयित. दोन्ही प्रकारची दिसली किंवा एकही दिसले नाही, तर अनुभवी तज्ज्ञाला दाखवावे. गाठ कॅन्सरची आहे हे पक्के ठरते ते तिचा तुकडा प्रयोगशाळेत तपासल्यावरच.

त्या बहिणीच्या गाठीत एकच कप्पा होता, आत नुसते पाणी. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावले होते. पण दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाणार, तारीख चुकणार! आपल्या वाड्यांवर खरा धोका हाच आहे. म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगा, भट्टीजवळ कुठे तपासणी होईल ते विचारा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या.

पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवी लागणे असे दोन-तीन आठवडे चालले, तर भगताकडे वेळ न घालवता दवाखाना गाठा. गाठ संशयित निघाली तर परळचे टाटा रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रियाही बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड आजच तयार ठेवा.