गंजाचा डाग आणि गोधडीचा टाका

गंजाच्या डागाला आपल्या घरांत शत्रूच मानतात. लोखंडी पेटीच्या कडेला टेकून राहिलेलं लुगडं, खिळ्यावर अडकवलेला सदरा, तारेवर वाळत घातलेली चादर. पावसाळा सरला की कुठे ना कुठे तो तांबूस ठिपका दिसतोच. मग लिंबू-मीठ चोळा, उन्हात टाका. ताजा असेल तर निघतो, जुना झाला की हटत नाही. हा हटवादीपणा ओळखूनच हातकामाची आवड असलेली मंडळी हल्ली मुद्दाम गंजाने कापड रंगवतात आणि त्यावर धावदोरा घालून गोधड्या, पिशव्या, भिंतीवरचे पडदे शिवतात.

समाजमाध्यमांवर हे नवं वाटतं. पण आम्हा बुऱ्हाणपूरकरांना लोखंड आणि कापड यांचं नातं परकं वाटू नये. तापीकाठचं हे गाव मोगल काळात कापडाची मोठी पेठ होतं. १७व्या शतकात फ्रेंच व्यापारी-प्रवासी ताव्हर्निए इथे आला होता. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि पार पोलंडपर्यंत जाते, असं त्याने लिहून ठेवलं. त्यातली काही कापडं रंगवलेली, फुलांच्या नक्षीची असत आणि त्यांच्या ओढण्या, पलंगपोस, रुमाल होत. त्या काळातल्या, बुऱ्हाणपूरच्या मानल्या जाणाऱ्या रंगीत कनाती आज परदेशी संग्रहालयांत आहेत.

अशा जुन्या रंगकामात लाल रंगासाठी तुरटी आणि झाडांची मुळं लागत. मध्य भारतात त्यासाठी आल नावाचं झाड प्रसिद्ध होतं. फुलापानांची काळी रेघ मात्र लोखंडाची. लोखंडाचे तुकडे गूळ-पाण्यात घालून काही दिवस आंबवायचे आणि तयार झालेलं पाणी हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर लावायचं. लावताना ते फिकट दिसतं, पण हिरडा भेटला की बघता बघता काळं होतं. आपल्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाग गावी खत्री कारागीर आजही काळ्या छापासाठी हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, चिंचोक्याच्या खळीत मिसळून वापरतात.

यामागचं रसायनशास्त्र आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो. केसांची मेंदी गडद व्हावी म्हणून ती लोखंडी कढईत भिजवतात. केळफूल चिरताना विळी आणि हात दोन्ही काळवंडतात. आवळा, हिरडा, चहा, केळफूल या सगळ्यांत तुरट द्रव्य असतं. ते लोखंडाला भेटलं की राखाडी-काळा रंग तयार होतो आणि धाग्यात अडकून बसतो. तुरट द्रव्य नसेल, तर लोखंड हवेच्या आणि पाण्याच्या संगतीने नुसताच गंज होऊन बसतं. म्हणून नुसत्या गंजाचा रंग केशरी-तपकिरी, आणि हिरडा किंवा चहा असला की काळा. केळीच्या मळ्यात घालायचे कपडे आपल्याकडे वेगळे का ठेवतात, हेही इथल्या कुणाला सांगायला नको. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग असाच आयुष्यभराचा.

घरी करून पाहायचं असेल तर कृती सोपी आहे. मांजरपाट किंवा कुठलंही सुती कापड घ्यावं. आपल्या गावात पॉवरलूमचं कोरं कापड सहज मिळतं, पण त्याला खळ असते. ती गरम पाण्यात साबणाने दोनदा धुऊन काढावी, नाहीतर रंग ठिकठिकाणी अडखळतो. मग निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यांत कापड भिजवून हलकं पिळावं. त्यात गंजके खिळे, वायसर, बिजागऱ्या, जुनी साखळी, बैलाची नाल असं जे असेल ते मांडावं, गुंडाळी करून दोऱ्याने बांधावं आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. पिशवीचं तोंड पूर्ण बंद करू नये, कारण गंजाला हवा लागते. कापड वाळू द्यायचं नाही, मधून मधून पाणी शिंपडायचं. रंग काही तासांत दिसू लागतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. स्टेनलेस स्टीलच्या वस्तूंचा उपयोग नाही, जस्ताचा मुलामाही चालत नाही.

रंग मनासारखा झाला की कापड साध्या पाण्यात खळबळून, बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावं. त्याने व्हिनेगरचं आम्ल मारलं जातं. शेवटी साबणाने धुवावं. हातमोजे घालावेत आणि या कामाची भांडी स्वयंपाकात परत आणू नयेत. खिळा लागलाच, तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं. धनुर्वाताचे जंतू गंजातून तयार होत नाहीत, ते मातीतून येतात. पण खिळे मातीतलेच असतात.

आता खरी गोष्ट. लोखंड कापडाला रंग देतं आणि हळूहळू त्याला खातंही. धाग्याचा सेल्युलोज हवेत विरत जाण्याची क्रिया लोखंडामुळे वेगाने होते. त्यात आम्ल उरलं असेल तर आणखी लवकर. जुन्या छापील कापडांत लाल फूल शाबूत आणि त्याभोवतीची काळी रेघ मात्र झडून गेलेली दिसते, ती यामुळेच. हिरडा-हिराकशीच्या शाईने जुने कागद अक्षरांच्या जागी फाटतात, त्याचंही कारण हेच.

हे कळल्यावर आमच्या घरातला एक प्रश्न अवघड झाला. आजीची चार सुती लुगडी आईने लोखंडी पेटीत जपून ठेवली आहेत. दोन लुगड्यांच्या घड्यांवर गंजाचे लांबट डाग उठले आहेत. मला वाटत होतं, चारही लुगडी मुद्दाम गंजात रंगवून एक मोठी गोधडी करावी, म्हणजे डाग लपतील. मी पुण्याहून फोनवर हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, पेटीने दोन खाल्ली ती पुरेत. उरलेली दोन तू कशाला खायला घालतेस?"

आईचं म्हणणं मला पटलं. चांगली दोन लुगडी पेटीतून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळली आणि लाकडी कपाटात ठेवली. डागाळलेल्या दोन लुगड्यांना लिंबू लावलं नाही. त्यांचे तुकडे कापून नव्या मांजरपाटाचं अस्तर लावलं आणि गोधडीच्या मधल्या भागात बसवलं. ताण पडतो त्या कडा नव्या कापडाच्या आहेत. मी रंगवलेला मांजरपाट फक्त ठिगळांपुरता वापरला.

शिवताना काही गोष्टी कळल्या. गंजलेल्या कापडात बारीक कण उरतात आणि सुईची धार लवकर जाते, त्यामुळे सुया जास्तीच्या ठेवाव्यात. दाट टाक्यांनी कमजोर कापडाला भोकं पडतात, म्हणून टाका जरा लांब आणि सैल ठेवावा. लोखंड बोथट सुईला माफ करत नाही, आणि घाईलाही नाही. अशी गोधडी इतर कपड्यांबरोबर धुऊ नये, ब्लीच तर मुळीच लावू नये. त्याने डाग पक्का होतो आणि कापडाची ताकद जाते. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायलाही ती नको.

ही गोधडी आजीच्या लुगड्यांना अमर करणार नाही. डागांच्या जागी ती कधीतरी विरेलच. पण आई ती रोज दुपारी पांघरते, आणि पेटीत घडी करून ठेवलेलं लुगडं इतकी वर्षं कुणीच पांघरलं नव्हतं. तेव्हा मंडळी, पावसाळ्याआधी एकदा घरची लोखंडी पेटी उघडून बघा. तळाशी जुनी चादर दुहेरी घाला, कपडे पत्र्याला टेकू देऊ नका. आणि डाग आधीच पडला असेल, तर ते कापड टाकण्याआधी सुई-दोरा हातात घ्या.