एक डोळा गमावलेल्या व्यक्तीस कायद्याचे संरक्षण

पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर जी गोटमार होते, तीत डोळा गमावण्याचे प्रसंग घडले आहेत. अशा व्यक्तीस कायदा अपंग मानतो काय?

१९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या अधिनियमात ते एकवीस झाले. व्याख्याही पालटली. शरीर, मन वा इंद्रिये यांतील दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून समाजातील सहभाग रोखतात, ते अपंगत्व होय.

शासकीय नोकरीतील ४ टक्के राखीव जागांसाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्व लागते. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा निर्दोष असला, तर ते ३० टक्केच धरतात. हा नियम कठोर वाटेल. तथापि आरक्षण नाही म्हणजे संरक्षणही नाही, असा समज करून घेऊ नये. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास त्या कारणाने काढता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. प्रमाणपत्राबाबतचा निर्णय मान्य नसल्यास अपिलाची तरतूद आहे.