साठ माणसं आणि एक वही

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. हे दोन आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्या दिवशी पाणी या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी होतं. शाळा-कॉलेजं बंद, बाहेर धो धो पाऊस, आणि राजारामपुरीत भावाच्या घरी माझा भाचा लॅपटॉपसमोर वही-पेन्सिल घेऊन बसलेला. मला वाटलं, पोरगं अभ्यास करतंय. जवळ जाऊन बघितलं तर वहीत लिहिलं होतं: 'टोपीवाला. हातात करवत. सुतार?? झोळीचा नंबर बघणे.'

"कोण मेलंय रे?"

"बरेच मेलेत, आत्या. मोजायलोय अजून."

मी चहा घेऊन शेजारी टेकले, ती रात्रीचं जेवण गार होईपर्यंत उठलेच नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, मोबाइलवर पत्त्यांपलीकडे कधी न गेलेल्या बाईला खुनाच्या एका व्हिडिओ गेमनं असं का धरून ठेवावं, हे कोडं मला तेव्हापासून पडलंय.

गेमचं नाव 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकास पोप नावाच्या, जपानात राहणाऱ्या अमेरिकन माणसानं तो जवळजवळ एकट्यानं बनवला, २०१८ साली आला. गोष्ट अशी. ईस्ट इंडिया कंपनीचं एक व्यापारी जहाज १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघतं आणि बेपत्ता होतं. (खऱ्या इतिहासात पुढच्याच वर्षी याच कंपनीनं इकडं असईला मराठ्यांशी लढाई केली, हे खेळताना माझ्या डोक्यातून जाईना.) १८०७ मध्ये ते जहाज फाटक्या शिडांनिशी इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरात आपोआप येऊन लागतं. वर चिटपाखरू नाही. तुम्ही कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कुणी केलं, एवढं वहीत भरायचं.

हाताशी एक जादूचं घड्याळ असतं. हाडांच्या सापळ्यासमोर ते उघडलं की आधी पडदा काळा होतो आणि फक्त आवाज येतात: दोन-चार वाक्यं, धावपळ, एक किंकाळी. मग तो माणूस मेला तो नेमका क्षण गोठलेला दिसतो, पुतळ्यांसारखा, आणि आपण त्यातून फिरायचं. सगळं ठिपक्या-ठिपक्यांचं, काळं-पांढरं, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं. कुणाच्या कपाळावर नाव लिहिलेलं नाही. वहीत खलाशांची यादी आहे: क्रमांक, नाव, काम, देश. काहींच्या नावापुढे देश 'इंडिया' आहे. जहाजावरच्या चित्रकारानं काढलेली सगळ्यांची चित्रं आहेत. यादी आणि चेहरे यांची सांगड मात्र आपण घालायची.

ती घालताना जी गंमत येते, ती सांगूनच बघायला हवी. एका दृश्यात खलाशी झोळ्यांमध्ये झोपलेले आहेत. आम्ही तिथून चार वेळा गेलो. पाचव्या वेळी भाच्यानं माझं मनगट धरलं. "आत्या, झोळीला नंबर हाईत!" झोळ्यांवर आकडे होते, आणि वहीतल्या यादीतही आकडे होते. दोन तास ते आमच्या डोळ्यांसमोर टांगलेले होते. बाहेर वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, आणि आम्ही दोघं अंधारात येड्यासारखे हसत होतो.

आता यातली कारागिरी बघा. तुम्ही वहीत नाव भरता तेव्हा गेम चूक की बरोबर हे सांगत नाही. गप्प बसतो. तीन माणसांचं सगळं अचूक भरलं की मगच तुमची हातानं लिहिल्यासारखी अक्षरं छापील होऊन पक्की होतात. तीनच का? समजा एका माणसाबाबत दहा नावं शक्य आहेत आणि मरणाचे पाच प्रकार. झाल्या ५० शक्यता. लगेच उत्तर मिळणार असेल तर कुणीही ठोकून ठोकून अर्ध्या तासात बरोबर जागी पोचेल. पण तिघांचं एकदम जुळायचं असेल तर ५० गुणिले ५० गुणिले ५०, ढोबळमानानं सव्वा लाख शक्यता. एका साध्या नियमानं अंदाजपंचे दाहोदरसेची वाट बंद, विचाराची उघडी. त्यातही दोन पक्के असतील तर तिसरा थोडा चाचपून बघता येतो, एवढी मुभा ठेवलेली आहे. परीक्षा घेणाऱ्या किती मास्तरांना हे सुचलं असेल?

हा आकड्यांचा खेळ तसा जुना. अँथनी प्रॅट या इंग्रज गृहस्थानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचलेला 'क्लूडो' हा पटावरचा खेळ १९४९ मध्ये बाजारात आला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या: एकूण ३२४ शक्यता, त्यातली एकच खरी. १९८० मध्ये केन आणि रॉबर्टा विल्यम्स या अमेरिकन नवरा-बायकोनं 'मिस्टरी हाउस' काढला. ॲपल टू कॉम्प्युटरवर रेघोट्यांची चित्रं, एक बंगला आणि एकामागून एक पडणारे मुडदे. चित्रांसह गोष्ट सांगणारे साहसी गेम तिथून सुरू झाले. म्हणजे चित्र दाखवण्याची सोय होताच कॉम्प्युटरवर आधी खूनच पडला! आणि आपला राजा-राणी-चोर-शिपाई विसरू नका. चार चिठ्ठ्या, आणि शिपायानं समोरच्या दोन तोंडांकडे बघून चोर ओळखायचा. लहानपणी मला चोराची चिठ्ठी आली की कान लाल व्हायचे, त्यामुळे मी कधीच जिंकले नाही.

पण खूनच कशाला लागतो? देवळाबाहेर चप्पल गेली तर आपण दोन शिव्या घालतो, अनवाणी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी नवी घेतो. कुणी वही घेऊन बसत नाही. मेलेल्या माणसाच्या बाबतीत 'जाऊ दे' म्हणता येत नाही. शिवाय ज्याला सगळं ठाऊक आहे तोच बोलू शकत नाही, म्हणून मग झोळीनं, बुटानं, अर्धवट ऐकलेल्या वाक्यानं बोलायचं.

माझ्या वडिलांना बाबूराव अर्नाळकरांचं वेड होतं. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. गल्लीत भाड्यानं पुस्तकं देणारं एक वाचनालय होतं, तिथून ही पुस्तकं यायची, पानं पिवळी आणि कोपरे दुमडलेले. एकदा एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुण्या नतद्रष्टानं पेनानं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं निघालं. मी रडायला लागले. वडील म्हणाले, "असू दे की. धनंजय तिथं पोचतो कसा, ते तर लिहिलेलं न्हाई न्हवं?" आणि वाचत राहिले.

पुस्तक आणि गेम यांतला फरक मला त्या आठवणीनं कळला. पुस्तकात खुन्याचं नाव फुटलं तरी धनंजयची चाल बघायला उरते. हुशार तो असतो, आपण छोटूच्या जागी. गेममध्ये धनंजय कुणी नसतोच. तुम्ही पोचला नाहीत तर कुणीच पोचत नाही, जहाज तसंच उभं राहतं. सॅम बार्लोच्या 'हर स्टोरी' (२०१५) या गेममध्ये तर हे टोकाला नेलंय. एका बाईच्या पोलीस जबाबाचे २७१ छोटे व्हिडिओ तुकडे. शोधायला फक्त एक चौकट. तिथं शब्द टाकायचा, तो शब्द ती जिथं बोलली असेल ते तुकडे मिळतात, पण पहिले पाचच. 'खून' टाकून फार काही हाती लागत नाही. तिच्या तोंडून निसटलेला एखादा साधासा शब्द पकडून टाकला की दार उघडतं. सुतावरून स्वर्ग, अक्षरशः.

शब्दावरून माणूस ओळखणं आपल्याला नवीन नाही. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मेसमध्ये "मी जेवून आलो" म्हणाले आणि पलीकडच्या मुलीनं ताट बाजूला ठेवून विचारलं, "कोल्हापूरची का गं?" ओब्रा डिनवरही कोण कुठल्या भाषेत ओरडतं, कुणाचे उच्चार कुठले, यावरून माणसं सापडतात. ही विद्या आपण रोज रिक्षात, लग्नात, बँकेच्या रांगेत वापरतो. गेम ती आपल्याला वेगळी काढून दाखवतो, एवढंच.

आणि याहून मोठं कोडं कोल्हापुरातच काचेमागं ठेवलेलं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमाराला ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात एक वीतभरही नसलेली मूर्ती होती: दाढीवाला, उघडा, एक हात उंचावलेला. तो निघाला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे! पुढं डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं पद्धतशीर उत्खनन केलं. मातीचे थर, विटांची घरं, नाणी, खापरं. कुठल्या थरात काय, कशाच्या शेजारी काय, असं जुळवत सातवाहनकाळचं एक गाव उभं राहिलं, रोमन जगाशी व्यापार असलेलं. कोकणातल्या बंदरात उतरलेला माल घाट चढून इथवर यायचा. पण ती मूर्ती कुणाच्या पिशवीत होती, त्यानं ती विकत घेतली, भेट मिळाली की चोरली, आणि तो परत का गेला नाही? इथं तीन नावं जुळल्यावर अक्षरं छापील होत नाहीत.

हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग पक्कं कसं करायचं?" त्यावर मी जरा गप्प झाले, कारण मला मूर्तीपेक्षा दुसरंच काही आठवलं. १६ फेब्रुवारी २०१५ ला याच शहरात सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. तपास विशेष पथकाकडे, मग एटीएसकडे, खटला वर्षानुवर्षं, आणि निषेध म्हणून निघालेल्या निर्भय मॉर्निंग वॉकमध्ये 'खुनी कोण' हाच प्रश्न पुन्हा पुन्हा. त्या खुनाला मी कोडं म्हणू शकत नाही, त्यात गंमत शोधूही शकत नाही. गेममधल्या मुडद्याकडे मी इतक्या निवांतपणे बघते, कारण तिथं उत्तर आहे याची कुणीतरी आधीच हमी दिलेली असते. कुणी साक्ष फिरवणार नाही, कागद गहाळ होणार नाहीत, तारीख पडणार नाही. एवढी खात्री दुसरीकडे कुठं मिळते?

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. भाचा कॉलेजला गेला, त्याचं सगळं जहाज पूर्ण झालं. मी मात्र स्वतःची वेगळी वही घातलीय, दोनशे पानी, रोज रात्री भांडी आवरल्यावर तासभर. अठ्ठेचाळीस जण पक्के झालेत, बारा बाकी आहेत. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना हात जोडून विनंती: रंकाळ्यावर भेटलात तर बाकी काय वाटेल ते बोला, त्या बाराजणांबद्दल चकार शब्द काढू नका.