वाफ उकळत्या पाण्यापेक्षा किती गरम?

उकळतं पाणी आणि त्यातून नुकतीच निघालेली वाफ यांचं तापमान सारखंच असतं. समुद्रसपाटीला सुमारे 100 अंश सेल्सिअस. आच वाढवली तरी पाणी त्याहून तापत नाही, जास्तीची उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. मग कुकरचं काय, असं कोणी विचारेल. कुकरमध्ये दाब वाढून तापमान 120 अंशांच्या आसपास जातं हे खरं. पण आतलं पाणीही जवळपास तितकंच तापलेलं असतं. वाफ पाण्यापासून वेगळी काढून पुन्हा तापवली, तरच ती त्याच्या पुढे जाते. कोराडीसारख्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनकडे जाणारी वाफ 500 अंशांहून अधिक तापलेली असते. तिथे मर्यादा येते ती नळ्यांच्या धातूची.

तापमान सारखं, तर वाफेचा चटका अधिक का? कारण तिच्यातली सुप्त उष्णता. 1 किलो वाफ 100 अंशांवरच पाणी होताना सुमारे 2,257 किलोज्यूल उष्णता सोडते; तेवढंच उकळतं पाणी 37 अंशांपर्यंत निवताना सोडतं जेमतेम 264. वाफ फार विरळ असते, लिटरभर वाफेचं वजन ग्रॅमभरही नसतं, हा आक्षेप रास्त आहे. क्षणभराच्या स्पर्शात म्हणूनच निभावतं. पण झोत चालू राहिला, की नवी वाफ त्वचेवर येऊन निवत राहते आणि आपली उष्णता तिथेच सोडते. वाफेचा धोका नुसत्या तापमानावरून जोखता येत नाही, तो याचसाठी.