चेंडू नसलेल्या मुलाची धाव

अमेरिकेत ऑगस्ट महिना आला की गावोगावच्या मैदानांवर नऊ-दहा वर्षांची मुलं डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून फुटबॉलच्या सरावाला उभी राहतात. त्यांना शिकवणारे बहुतेक जण पगारी प्रशिक्षक नसतात. ते कुणाचे वडील असतात, कुणाचे काका, कुणाचे शेजारी. दिवसाचं काम आटोपून संध्याकाळी मैदानावर आलेल्या या माणसाला आधी एक गोष्ट ओळखावी लागते, ती म्हणजे या वयाच्या मुलांना नेमकं काय जमण्यासारखं आहे.

टीव्हीवर दिसतं ते फुटबॉल त्यांना जमत नाही. तिथे क्वार्टरबॅक मागे सरतो, चाळीस यार्डांवर चेंडू भिरकावतो आणि कुणीतरी तो हवेत झेप घेऊन पकडतो. हे घडण्यासाठी तीन कामं एकाच वेळी बिनचूक व्हावी लागतात. पुढच्या फळीतल्या मुलांनी समोरच्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरायचं, छोट्या पंजाच्या मुलाने लांबुळका चेंडू नेमका फेकायचा आणि धावत्या मुलाने तो झेलायचा. यातलं एक जरी फसलं तरी तो प्रयत्न वाया जातो. चेंडू जमिनीवरून नेण्याचं गणित मात्र सोपं आहे. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. दर प्रयत्नाला साडेतीन यार्ड मिळाले, तर तीन प्रयत्नांतच काम भागतं आणि चेंडू आपल्याकडेच राहतो. म्हणून लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये धावणं हाच मुख्य मार्ग असतो.

पण नुसतं धावणं म्हणजे काय? बऱ्याच संघांत सर्वांत चपळ मुलाच्या हाती चेंडू द्यायचा आणि त्याला कडेने पळवायचं, एवढीच योजना असते. पहिले दोन सामने ती चालते. तिसऱ्या सामन्यात समोर तितकाच चपळ मुलगा येतो आणि योजना संपते. तोवर उरलेल्या दहा मुलांच्या पदरात काहीही पडलेलं नसतं. हुलकावणीवर उभारलेली धावती चढाई या अडचणीवर उपाय म्हणून आली आणि तिची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत.

आज मुलांच्या संघांत तिची जी रूपं दिसतात, त्यांत 'विंग-टी' हे सर्वांत सुघड. डेव्ह नेल्सन यांनी १९५० मध्ये मेन विद्यापीठात ती मांडली आणि पुढच्या वर्षी डेलावेअर विद्यापीठात नेली. नेल्सन मिशिगनला फ्रिट्झ क्रिसलर यांच्या हाताखाली खेळले होते. तिथली जुनी 'सिंगल विंग' पद्धत त्यांच्या अंगात मुरली होती. मिशिगनमधले त्यांचे सहखेळाडू फॉरेस्ट एव्हाशेव्हस्की यांनी आयोवा विद्यापीठात हीच पद्धत उचलली, १९५७ चा रोझ बोल हा विद्यापीठांचा मानाचा सामना जिंकला आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून तिच्यावर पुस्तक लिहिलं. नेल्सन यांचा विचार असा होता की चाल सुटी शिकवायची नाही, चालींची मालिका शिकवायची. सुरुवात सगळ्यांची एकसारखी, शेवट वेगवेगळा. बचाव करणारा एक शेवट रोखायला जागा सोडेल, तेव्हा दुसरा शेवट नेमका त्या सोडलेल्या जागेतून निघेल.

या मालिकेतली मूळ चाल म्हणजे 'बक स्वीप'. ती सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण पद्धतीचा सगळा जीव तिच्यात आहे. पुढच्या फळीच्या मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. सेंटरच्या पाठीशी क्वार्टरबॅक, त्याच्या सरळ मागे फुलबॅक, डावीकडे हाफबॅक आणि उजव्या टोकाबाहेर विंगबॅक. चेंडू मागे आला की फुलबॅक पोटाशी दोन्ही हात दुमडून, वाकून, फळीच्या मध्यावर घुसतो. क्वार्टरबॅक बचावाकडे पाठ करून त्याच्या पोटाजवळून हात नेतो, पण चेंडू देत नाही. तो चेंडू डावीकडून उजवीकडे निघालेल्या हाफबॅकला मिळतो. मग क्वार्टरबॅक रिकामे हात कमरेमागे लपवून उलट्या दिशेला, डावीकडे पळतो. क्षणभर मैदानावर तीन मुलं चेंडू घेऊन पळताना दिसतात. चेंडू एकाकडेच असतो.

याच वेळी दोन्ही गार्ड आपली जागा सोडून उजवीकडे धावत सुटलेले असतात. पहिला अगदी कडेच्या बचावपटूला बाहेर ढकलतो, दुसरा त्या फटीतून आत वळतो आणि हाफबॅक त्याच्या मागून जातो. ही चाल दोनदा यशस्वी झाली की बचावाची मुलं उजवीकडे झुकायला लागतात. तेव्हा 'ट्रॅप' येते. सुरुवात तीच, पण या वेळी चेंडू खरोखर फुलबॅकच्या पोटात असतो आणि एक गार्ड आडवा येऊन मधल्या बेसावध बचावपटूला बाजूने उडवतो. मग 'वॅगल'. हाफबॅक रिकाम्या हातांनी उजवीकडे पळतो, चेंडू क्वार्टरबॅककडेच राहतो आणि गार्ड त्याच्याबरोबर डावीकडे निघतात. अनुभवी बचावपटू चेंडूकडे पाहत नाही, गार्डकडे पाहतो, कारण गार्ड निघतो तिकडे चेंडू जातो हे त्याला ठाऊक असतं. वॅगलमध्ये पाठीमागची धावपळ एक सांगते आणि गार्ड दुसरं. दोन्ही खुणांवर एकाच वेळी विश्वास ठेवता येत नाही.

आपल्याकडे कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू एका कोपऱ्याकडे पाय टाकून हूल देतो आणि गडी दुसऱ्याच कोपऱ्यात टिपतो. तिथे हूल देणारा आणि गुण मिळवणारा एकच असतो. इथे ही दोन कामं वेगवेगळ्या मुलांत वाटलेली असतात आणि माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल इथेच आहे. हूल देणाऱ्या फुलबॅकला टाळ्या मिळत नाहीत. तो तीन जणांच्या ढिगाखाली सापडतो तेव्हा प्रेक्षक दुसऱ्याच मुलाकडे पाहत ओरडत असतात. तरीही त्याने इतकं जीव तोडून घुसायला हवं की ते तीन जण त्याच्यावर तुटून पडतील. जाणता प्रशिक्षक त्या संध्याकाळी पहिलं कौतुक त्याचं करतो. चेंडू नसताना पाडला गेलेला मुलगा म्हणजे बचावाचा एक माणूस खेळातून वजा, हे तो मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो.

हे शिकवायला वेळ लागतो आणि तो मुख्यतः पावलांवर खर्च होतो. पहिल्या सरावांत समोर बचाव नसतो, चेंडूही क्वचितच असतो. सगळे चालत चालत चाल करतात. शिट्टी वाजली की जागीच थिजायचं आणि प्रशिक्षक प्रत्येकाचे पाय पाहत फिरतो. गार्डचं पहिलं पाऊल चुकलं तर तो येणाऱ्या फुलबॅकवर आदळतो आणि चाल सुरू होण्याआधीच कोसळते. फळीतल्या मुलांना एक साधा नियम पाठ करून देतात. आधी आतल्या बाजूची फट सांभाळ. तिथे कुणी नसेल तर समोरच्याला अडव. समोरही कुणी नसेल तर आतल्या बाजूच्या पुढच्या मुलाला बाजूने अडव. बाजूने अडवणं महत्त्वाचं, कारण सत्तर पौंडांचं मूल शंभर पौंडांच्या मुलाला समोरून ढकलू शकत नाही, पण तिरक्या कोनातून त्याची वाट सहज वळवू शकतं. नंतर प्रशिक्षक बचावाच्या जागी उभा राहतो आणि चाल समोरून बघतो. चेंडू कुणाकडे आहे हे त्याला कळलं, तर पुन्हा. एका मोसमात दहा-बारा चालींहून अधिक शिकवू नयेत, यावर जुनेजाणते ठाम असतात. मुलाला चाळीस चाली येण्यापेक्षा चार चाली डोळे मिटून याव्यात.

सहा-सात वर्षांच्या मुलांना हुलकावणी शिकवण्याचा मोह टाळावा, असं मला वाटतं. त्या वयातला बचावपटू कोणतीच खूण वाचत नसतो. तो समोर दिसेल त्याच्या मागे धावतो आणि नेमका चेंडूवाल्याला जाऊन धडकतो. फसण्यासाठीही थोडी समज लागते. शिवाय फसतात ते भलतेच. पंच रिकाम्या हातांच्या मुलाला पाडलेलं पाहून शिट्टी वाजवतात आणि खरा चेंडूवाला मोकळ्या मैदानात एकटा पळत असताना चाल तिथेच संपते. म्हणून हुलकावणी शिकवणारे प्रशिक्षक सामन्याआधी पंचांना गाठून आपली पद्धत समजावून सांगतात.

या सगळ्याचा उगम शोधत मागे गेलं की पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलपाशी यावं लागतं. मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांना घरापासून तोडून, केस कापून, त्यांची भाषा बंद करून 'सुधारण्यासाठी' १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ही निवासी शाळा काढली. अनेक मुलं तिथेच मेली आणि तिथेच पुरली गेली. त्यांचे अवशेष आपापल्या जमातींकडे परत नेण्याचं काम या शतकात सुरू झालं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. खेळाच्या इतिहासात कार्लाइलचं नाव कौतुकाने घेताना ही बाजू झाकली, तर ते कौतुक खोटं ठरेल.

याच शाळेत ग्लेन 'पॉप' वॉर्नर यांनी फुटबॉल शिकवलं. त्यांची मुलं हार्वर्ड, पेन, आर्मी अशा बलाढ्य संघांपुढे वजनाने हलकी होती. सरळ धडकेत ती टिकली नसती. वॉर्नर यांनी वेग, कोन आणि फसवणूक यांच्यावर भर दिला. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन याने झेललेला चेंडू चार्ल्स डिलन याच्या जर्सीत पाठीमागून सरकवला. जर्सीच्या कडेला त्यासाठी इलॅस्टिक शिवून घेतलेलं होतं. बाकीचे खेळाडू पोटाशी काहीतरी धरल्याचा आव आणून चहूकडे पांगले आणि डिलन रिकामे हात हलवत गोलरेषेपार गेला. हा डिलन गार्ड होता. सामना अखेरीस हार्वर्डने १२-११ असा जिंकला. ती युक्ती पुढे नियमबाह्य ठरली, पण तिच्यामागचा विचार टिकला. कार्लाइलच्याच वर्षांत वॉर्नर यांनी सिंगल विंग घडवली. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट इथे जिम थॉर्पच्या कार्लाइलने आर्मीला २७-६ असं हरवलं. त्या आर्मी संघात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते.

वॉर्नर यांचं नाव मुलांच्या फुटबॉलशी जोडलं गेलं ते नंतर. जोसेफ टॉमलिन यांनी १९२९ मध्ये फिलाडेल्फियात मुलांचे सामने सुरू केले होते. पुढे वॉर्नर त्याच शहरातल्या टेंपल विद्यापीठात आले आणि १९३४ मध्ये त्या संघटनेने त्यांचं नाव घेतलं. आज 'पॉप वॉर्नर' ही अमेरिकेतली मुलांच्या फुटबॉलची नामांकित संघटना आहे.

या पद्धतीची एक काळी बाजूही आहे. 'डबल विंग' या तिच्या भावंडात फळीतली मुलं पायाला पाय लावून उभी राहतात आणि सगळा जमाव एका बाजूला लोटतो. कॅलिफोर्नियातल्या ब्लूमिंग्टन हायस्कूलमध्ये डॉन मार्कहॅम यांच्या संघाने १९९४ च्या मोसमात १४ सामन्यांत ८८० गुण केले. शाळकरी मोठ्या मुलांत हा पराक्रम म्हणायला हरकत नाही. पण त्याच हिशेबाने नऊ वर्षांच्या मुलांचा संघ चालवणारे प्रशिक्षकही असतात. समोरचा संघ पन्नास गुणांनी मागे असतानाही ते चाल बदलत नाहीत आणि कमकुवत मुलाला फळीच्या मधोमध दडवून त्याच्याकडून फक्त वाकून बसण्याचं काम घेतात. प्रत्येक मुलाला सामन्यात ठरावीक चाली तरी खेळवायला हव्यात, हा पॉप वॉर्नरचा नियम अशाच वृत्तीला आवर घालण्यासाठी आहे. हुलकावणीची पद्धत वापरणाऱ्याला तर हा नियम जाचक वाटायचं काहीच कारण नाही. तिच्यात अकराही जणांना खरं काम असतं. ज्याला ते काम देता येत नाही, त्याने ती निवडूच नये.

डोक्याला बसणाऱ्या मारांचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई या ऱ्हासाच्या खुणा सापडल्या. दान आलेले मेंदू निवडक माणसांचे असल्याने हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, पण आई-वडिलांची झोप उडवायला ते पुरेसं होतं. पॉप वॉर्नरने २०१२ पासून सरावातल्या धडकांवर मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वांत लहान गटांत चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याची किकऑफ बंद केली. २०१९ मध्ये त्याच गटांत हात जमिनीला टेकवून, डोकं पुढे काढून उभं राहणंही थांबवलं. विंग-टी शिकवणाऱ्यांना हा बदल फारसा जड जाऊ नये. गुडघ्यांवर हात ठेवून उभा असलेला गार्ड उलट लवकर वळून बाहेर पडतो. डबल विंगसारख्या, खाली वाकून जमावाने ढकलण्यावर चालणाऱ्या पद्धतीला मात्र त्याचा चटका बसतो आणि तो बसावा, असंच मला वाटतं.

डेलावेअरमध्ये नेल्सन यांच्यानंतर टबी रेमंड यांनी विंग-टी ३६ वर्षं चालवली, ३०० विजय मिळवले आणि २००१ च्या मोसमानंतर ते निवृत्त झाले. पाठोपाठ आलेल्या के. सी. कीलर यांनी ती बाजूला ठेवून मैदानभर पसरणारी, चेंडू फेकण्यावर भर देणारी चढाई आणली आणि २००३ मध्ये त्यांच्या स्तराचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. व्यावसायिक खेळात जुन्या सिंगल विंगची एक झलक २००८ च्या सप्टेंबरमध्ये दिसली. मायामी डॉल्फिन्सने 'वाइल्डकॅट' नावाने तिच्या मोजक्या चाली वापरून न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ३८-१३ असं हरवलं. वर्ष-दोन वर्षांत बचावांनी त्यावर उत्तर शोधलं.

बक स्वीप, ट्रॅप आणि वॅगल ही मालिका आता मुख्यतः शाळांच्या आणि लहान मुलांच्या मैदानांवर शिकवली जाते. विद्यापीठांना पन्नास यार्ड फेकणारा मुलगा देशभरातून निवडून आणता येतो. गावातल्या प्रशिक्षकाला ती सोय नसते. ऑगस्टमध्ये नाव नोंदवायला जी मुलं येतील, त्यांच्यातूनच त्याला दोन गार्ड शोधायचे असतात, आणि ते सहसा संघातले सर्वांत मोठे नसतात, सर्वांत वेगवानही नसतात. पाठ केलेलं पाऊल जे विसरत नाहीत आणि आपल्या मागून कोण येतंय हे वळून न पाहता धावतात, अशा मुलांना तो त्या जागेवर उभं करतो.