धुरकट फोटो उजळ कसा करावा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब कार्ल्याची लेणी पाहावयास गेलो होतो. तेथे उभे राहिले की इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे लोहगड आणि विसापूर दिसतात. मोबाइलवर सर्वांचा फोटो काढला. घरी येऊन पाहतो तो काय, मुलांचे चेहरे स्वच्छ, पण मागचे दोन्ही गड पांढुरक्या पडद्याआड! पैसे साठवून केलेला प्रवास. पुन्हा कधी जाणे होईल कोण जाणे.

दोष मोबाइलचा नव्हता. हवेतील धूळ, धूर व बाष्प यांचे कण सूर्यप्रकाश चहूकडे विखुरतात. डोंगर जितका दूर, तितका मधला हा थर जाड. म्हणून दूरची गडद झाडी फिकट राखाडी दिसते.

उपायही यातच आहे. २००९ साली तीन चिनी संशोधकांनी दाखवून दिले की, स्वच्छ हवेत काढलेल्या फोटोत आकाश सोडले तर बहुतेक प्रत्येक लहान भागात एखादा तरी गडद ठिपका असतो. तोच फिकट दिसला, तर मध्ये धुरकटपणा किती आहे याचा अंदाज संगणकाला बांधता येतो व तेवढा पांढरेपणा वजा करता येतो.

मोबाइलवरील लाइटरूम अ‍ॅपमध्ये यासाठी 'डीहेझ' नावाची पट्टी आहे. प्रथम मूळ फोटोची प्रत जपून ठेवावी. मग पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवावी. गडाची कडा दिसू लागली की थांबावे. अधिक ओढल्यास आकाश काळवंडते, फोटोत दाणे उठतात आणि माणसांचे चेहरे विनाकारण काळपट होतात. निळसर झाक उरली, तर रंग किंचित उबदार करावा. ही पट्टी नसलेल्या अ‍ॅपमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून गडद भाग अधिक गडद करावा.

आमच्या धाकटीने मात्र विचारले, "धूर खराच होता ना? मग पुसायचा कशाला?"

प्रश्न योग्य आहे. सहलीची आठवण भिंतीवर लावायची असेल, तर खुशाल पुसावा. परंतु वस्तीशेजारी कचरा जळतो आहे, भट्टी धूर ओकते आहे आणि तक्रारीसाठी आपण फोटो काढला आहे, तर त्याला हात लावू नये. तेथे धूर हाच पुरावा असतो. फोटोतला धूर बोटाने पुसता येतो. मुलांच्या छातीत गेलेला पुसता येत नाही.